साक्षीदार क्रमांक सात : अभिनेत्री, खुनाचा खटला आणि पुण्यात घडणारी रहस्यकादंबरी कशी रचावी

काम मिळत नाही म्हणून खचलेली अभिनेत्री खुनाच्या खटल्यात ओढली जाते, ही कल्पना सुचायला सोपी आहे. लिहायला बसलं की दोन ठिकाणी ती फसते. एक तर कोर्ट सिनेमातलं होतं, नाहीतर नायिका अभिनेत्री असण्याला काही अर्थच उरत नाही. तिच्या जागी बँकेतली कारकून ठेवली तरी कथानक तसंच चाललं, तर पहिल्या प्रकरणाआधीच थांबा. ती अभिनेत्री आहे म्हणूनच हा खटला उलगडतो, असं काहीतरी हवं.

ते कुठे शोधायचं? सत्र न्यायालयात साक्ष कशी उतरवली जाते, ते पाहा. वकील विचारतो, साक्षीदार बोलते, न्यायाधीश वाक्य सांगतात आणि टंकलेखक ते टाइप करतो. प्रश्न सहसा नोंदवलेच जात नाहीत, उत्तरं सलग निवेदनासारखी लागतात. म्हणजे कागदावर शब्द राहतात. सूर, थांबा, आघात, सगळं गळून पडतं. अभिनेत्रीचा सगळा धंदाच सुरावर आणि थांब्यावर. कादंबरी या फटीत बांधायची. पुण्याला हे नवं नाही. १७७३ साली शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला, त्यामागे ‘ध’चा ‘मा’ झाल्याची आख्यायिका आपण शाळेपासून ऐकत आलो. तिथे अक्षर बदललं होतं. आपल्या कादंबरीत अक्षर तेच राहील, फक्त ते म्हणण्याची तऱ्हा हरवेल.

पहिली पायरी : एक वाक्य ठरवा

सगळ्यात आधी दोन अर्थांचं एक वाक्य हवं. खुनी कोण, हत्यार कोणतं, हे नंतर. उदाहरण म्हणून ‘सोडू नकोस त्याला’ घेऊ. काळजीनं म्हटलं तर ‘त्याला एकटं टाकून जाऊ नकोस’, रागानं म्हटलं तर ‘त्याला जिवंत जाऊ देऊ नकोस’. शब्द अगदी तेच.

आता याभोवती घटना उभी करा. रात्री साडेनऊचा प्रयोग. मध्यंतरात नाटकाच्या निर्मात्याच्या छातीत दुखू लागतं, त्याला रंगभूषेच्या खोलीत पडायला सांगतात. ज्येष्ठ नट एन्ट्रीला जाता जाता बॅकस्टेजच्या पोराला ते वाक्य म्हणतो. विंगेत उभी असलेली नायिका ते ऐकते. पडदा पडल्यावर निर्माता मेलेला सापडतो. ज्येष्ठ नट आरोपी क्रमांक १, पोरगा आरोपी क्रमांक २. पोरगा गप्प का? तो त्या वेळी दहा मिनिटं चहाला गेला होता, आणि आपण गेलो म्हणूनच माणूस मेला, या अपराधी भावनेनं त्याचं तोंड शिवलं गेलंय. गप्प बसण्याचं हे कारण खुनापेक्षा लहान आहे, म्हणूनच पटतं.

हे वाक्य कादंबरीत तीनदा, तीन रूपांत यायला हवं. तिन्ही रूपं आधीच लिहून भिंतीवर लावा.

विंगेत ऐकलेलं : “सोडू नकोस रे त्याला... मी आलोच.”

पोलिसांच्या जबाबात : ‘त्यावेळी यातील आरोपी क्र. १ हा आरोपी क्र. २ यास, त्याला सोडू नको, मी येतो, असे बोलत असताना मी समक्ष ऐकले आहे.’

कोर्टात, सरकारतर्फे साक्षीदार क्र. ७ म्हणून : ‘आरोपी क्र. १ ने आरोपी क्र. २ ला, त्याला सोडू नको, असे म्हटले हे खरे आहे. त्याने ते कोणत्या उद्देशाने म्हटले हे मला सांगता येणार नाही.’

काय काय गेलं बघा. ‘रे’ गेला, ‘नकोस’चा ‘नको’ झाला, मधला थांबा गेला, आणि ‘आलोच’मधली घाईची माया जाऊन ‘येतो’मध्ये धमकी आली. कोणीही खोटं लिहिलेलं नाही, हे महत्त्वाचं. हवालदाराला लबाड दाखवलंत की कादंबरी स्वस्त होते. तो त्याच्या रोजच्या भाषेत लिहितोय, इतकंच.

दुसरी पायरी : वेळेचं रजिस्टर

नाटकाचा प्रयोग म्हणजे फुकट मिळालेलं घड्याळ. तिसरी घंटा, अंक, मध्यंतर, प्रकाशयोजनेची क्यू शीट, या सगळ्यामुळे कोण केव्हा रंगमंचावर होतं याचे शेकडो साक्षीदार असतात. मोठ्या वहीत सहा रकाने आखा : प्रत्यक्ष वेळ, सीसीटीव्हीतली वेळ, रंगमंचावर कोण, विंगेत कोण, प्रेक्षकांना काय दिसतं, नायिकेला काय ठाऊक. शेवटचा रकाना बहुतेक जण आखत नाहीत. मग पंचविसाव्या प्रकरणात नायिकेला अशी गोष्ट माहीत असते जी तिला कळायला मार्गच नव्हता.

आपल्या उदाहरणात तिसरी घंटा ९.४० ला, पहिला अंक १०.४५ ला संपतो, दुसरा ११ ला सुरू, पडदा १२.०५ ला. ज्येष्ठ नट दुसऱ्या अंकाच्या सुरुवातीपासून रंगमंचावर असतो आणि ११.१८ ते ११.३२ अशी चौदा मिनिटं बाहेर. मागच्या दाराच्या कॅमेऱ्यात त्याच्या भूमिकेतला काळा कोट घातलेला माणूस ११.२१ ला रंगभूषेच्या खोलीकडे जाताना दिसतो, चेहरा दिसत नाही. पोलिसांचं गणित जुळलं.

पण डीव्हीआरचं, म्हणजे कॅमेऱ्याचं चित्रण साठवणाऱ्या यंत्राचं, घड्याळ अकरा मिनिटं पुढे आहे. म्हणजे खरी वेळ ११.१०, आणि तेव्हा तो नट भरलेल्या नाट्यगृहासमोर नायिकेशी भांडणाचा प्रवेश करत होता. मग कोट कुणाच्या अंगात? दौऱ्यावरच्या नाटकात मुख्य वेशाचा जादा जोड असतोच, तो कपडेपटाच्या पेटीत. खुनी असा हवा ज्याला दुसऱ्या कोटाचं ठिकाण माहीत आहे आणि ११.१० ला जो रंगमंचावर नाही. रजिस्टर नीट भरलंत की अशी फक्त दोन-तीन नावं उरतात. तेवढीच उरायला हवीत.

हा फरक लपवू नका. सीसीटीव्ही जप्तीच्या पंचनाम्यात ‘डीव्हीआरवरील वेळ प्रत्यक्ष वेळेपेक्षा ११ मिनिटे पुढे असल्याचे दिसून आले’ असं वाक्य खरोखर लिहिलेलं असतं. ते सहाव्या प्रकरणात, कंटाळवाण्या पंचनाम्याच्या मधोमध ठेवा, पुढेमागे हार्ड डिस्कचा अनुक्रमांक, लाखेचं सील, पंचांच्या सह्या. वाचक डोळे फिरवून पुढे जाईल आणि बत्तिसाव्या प्रकरणात स्वतःवरच चिडेल.

तिसरी पायरी : गुन्ह्यापासून दोषारोपपत्रापर्यंत

आधी घटनेची तारीख ठरवा, कारण कायदा त्यावर ठरतो. १ जुलै २०२४ पासून नवे कायदे लागू झाले. त्यानंतरच्या खुनाला भारतीय न्याय संहितेचं कलम १०३, आधीच्या खुनाला भारतीय दंड संहितेचं ३०२. तुमचा खून जून २०२४ चा असेल आणि साक्ष २०२६ मध्ये होत असेल, तरी आरोप ३०२ चाच. संगनमतासाठी नवं कलम ६१.

आपला निर्माता छातीत दुखून मेला असं सगळ्यांना वाटतं. म्हणून आधी अकस्मात मृत्यूची नोंद होते आणि मृतदेह शवविच्छेदनासाठी ससूनला जातो. तिथे ओठांच्या आतल्या बाजूला जखमा, डोळ्यांत रक्ताचे बारीक ठिपके. नाक-तोंड दाबल्याची ही लक्षणं. मग खुनाचा गुन्हा दाखल होतो. मधल्या तीन दिवसांत रंगभूषेची खोली झाडून-पुसून झालेली असते, कोट धोब्याकडे जायच्या बेतात असतो, आणि नायिकेचा जबाब चौथ्या दिवशी घेतला जातो. उशिरा घेतलेला जबाब म्हणजे उलटतपासाला आयतं खाद्य. मृत्यूची वेळ डॉक्टर मिनिटांत सांगत नाहीत. ताठरपणा, शरीराचं तापमान, पोटातलं अन्न यांवरून तासांची कक्षा मिळते. ‘बरोब्बर ११.१० ला मृत्यू’ असा अहवाल लिहिलात तर जाणकार वाचक पुस्तक मिटेल.

जबाबाबाबत नेहमीच्या चुका अशा. स्त्री साक्षीदाराला जबाबासाठी पोलीस ठाण्यात यायला भाग पाडता येत नाही, पोलिसांनी तिच्या राहत्या जागी जायचं असतं. म्हणून हा प्रसंग तिच्या पेइंग गेस्टच्या खोलीत घडवा, घरमालकीणबाई दारात उभ्या. शिवाय तो जास्त रंगतो. पोलिसांनी लिहिलेल्या जबाबावर साक्षीदाराची सही घेत नाहीत, तो फक्त वाचून दाखवतात. दंडाधिकाऱ्यासमोरचा जबाब वेगळा, त्याला जास्त वजन. स्त्रीला सूर्यास्तानंतर अटक करायची तर अपवादात्मक परिस्थिती, महिला अधिकारी आणि दंडाधिकाऱ्याची आधी परवानगी लागते, तेव्हा मध्यरात्रीचा अटकेचा प्रसंग विसरा. आरोपीनं पोलिसांपुढे दिलेली कबुली पुराव्यात चालत नाही. त्याच्या निवेदनावरून एखादी वस्तू सापडली, तर तेवढ्यापुरता भाग चालतो. कोट पेटीतून कोणाच्या निवेदनावरून निघाला, हे म्हणूनच महत्त्वाचं.

खुनासारख्या गुन्ह्यात आरोपी कोठडीत असेल तर नव्वद दिवसांत दोषारोपपत्र दाखल व्हावं लागतं, नाहीतर त्याला जामिनाचा हक्क मिळतो. तोवर आधी पोलीस कोठडी, मग न्यायालयीन कोठडी, म्हणजे येरवडा. वकिलांच्या तोंडी हे शब्द पीसीआर आणि एमसीआर असे येतात. पुढे प्रकरण दंडाधिकाऱ्याकडून सत्र न्यायालयाकडे वर्ग होतं, आरोप निश्चित होतात आणि मग समन्स निघतात. यात वर्ष सहज जातं, अनेकदा त्याहून जास्त. लेखकांना हा काळ अडचण वाटतो. खरं तर तिथेच सोनं आहे. त्या काळात नायिकेनं ती रात्र मैत्रिणींना, पत्रकाराला, स्वतःला इतक्यांदा सांगितलेली असते की आठवणीची तालीम झालेली असते. साक्षीच्या वेळी ती आठवतेय की सादर करतेय, हे तिलाही नक्की कळू नये.

चौथी पायरी : तिचं पोट कशावर चालतं

‘संघर्ष करणारी अभिनेत्री’ हे विशेषण कादंबरीत एकदाही वापरू नका, तिचा महिना मांडा. वय एकतीस. गाव बार्शी किंवा संगमनेर. कॉलेजात असताना पुरुषोत्तम करंडक एकांकिका स्पर्धेत कौतुक झालेलं, त्या स्पर्धेला १९६३ पासूनची परंपरा, आणि भरत नाट्य मंदिरातल्या त्या आरोळ्या हेच तिचं अजूनपर्यंतचं सगळ्यात मोठं यश. एप्रिल-मेमध्ये बालनाट्य शिबिरं, मधे डबिंग, मालिकेत चार दिवसांची नर्स, व्यावसायिक नाटकात रिप्लेसमेंट. नाटकाचे पैसे नाइटवर मिळतात, म्हणजे प्रयोग रद्द तर पैसे नाहीत. ऑडिशन आता बहुतेकदा मोबाइलवर स्वतःच चित्रित करून पाठवायची, त्यासाठी खोलीतल्या पांढऱ्या भिंतीवरचं कॅलेंडर दरवेळी काढून ठेवायचं. असे दोन तपशील पुरतात.

खटला या महिन्यावर कसा आदळतो ते दाखवा. समन्स मंगळवारचं, त्याच दिवशी मुंबईत शूटिंगचा कॉल. ती चित्रीकरण सोडते, अकराला शिवाजीनगरच्या कोर्टात पोचते, चारपर्यंत बाकावर बसते आणि कळतं, आरोपीचे वकील दुसऱ्या कोर्टात आहेत, पुढची तारीख. हे एकदा सविस्तर लिहा, दुसऱ्यांदा एका ओळीत.

फितुरीचं आमिषही याच जगातलं असावं. पाकीट नको. एका मालिकेतली मोठी भूमिका चालून येते, तारखा नेमक्या साक्षीच्या आठवड्यात. कोणी काही मागत नाही. फक्त ‘कोर्टाचं बघून घ्या तुम्ही’ असं कोऑर्डिनेटर सहज म्हणतो.

पाचवी पायरी : कोर्ट

चाळीस प्रकरणं, प्रत्येकी साधारण १,९०० शब्द, म्हणजे ७६ हजारांची कादंबरी. त्यातली पहिली दहा खून आणि जबाबासाठी, सहा मधल्या काळासाठी, सोळा कोर्टासाठी, आठ उकल आणि परिणामांसाठी ठेवा. सोळा प्रकरणं कोर्टाची म्हटल्यावर तिथली हवा ठाऊक हवी. कोर्ट खुलं असतं. शिवाजीनगरच्या जिल्हा व सत्र न्यायालयात साध्या कपड्यांत जा, फोन बंद करा, मागच्या बाकावर बसा. ध्वनिमुद्रण करू नका. निदान पाच दिवस बसा. शिवाय ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर निकालपत्रं मिळतात. खुनाच्या खटल्यांची दहा निकालपत्रं सलग वाचा, म्हणजे पुरावा तोलण्याची भाषा कानात बसते.

तिथे काय दिसणार नाही तेही सांगायला हवं : न्यायाधीशांच्या हातात हातोडा, गीतेवर हात, ज्यूरी, आणि वकिलाचं पाच मिनिटांचं भाषण ऐकून रडणारा जमाव. शपथ तोंडी असते, ईश्वरसाक्ष किंवा गांभीर्यपूर्वक प्रतिज्ञेवर. निर्णय एकटे न्यायाधीश देतात. पट्टेवाला पुकारा करतो. पुराव्याच्या कागदाला ‘निशाणी’ आणि क्रमांक, वस्तूंना ‘मुद्देमाल’. सरकारी वकील घेतो तो सरतपास, बचाव पक्ष घेतो तो उलटतपास. सरतपासात उत्तर सुचवणारे प्रश्न चालत नाहीत, उलटतपासात चालतात.

उलटतपासाचं व्याकरण शिकाच. मराठी साक्षीत नकार असा येतो : ‘मी त्या वेळी विंगेत नव्हते हे म्हणणे खरे नाही.’ जबाबात नसलेली गोष्ट कोर्टात सांगितली की येतं : ‘सदर मजकूर माझ्या जबाबात का नमूद नाही याचे कारण सांगता येणार नाही.’ हे दुसरं वाक्य साक्षीदाराला आतून पोखरतं, कारण कारण तिला माहीत असतं : हवालदारानं विचारलंच नव्हतं. ते वाक्य तिला चार वेळा म्हणायला लावा.

रचनेतला सगळ्यात मोठा खड्डा वेगळाच आहे. स्वतःची साक्ष होईपर्यंत साक्षीदाराला कोर्टात बसू देत नाहीत. नायिका ‘मी’ म्हणून गोष्ट सांगत असेल, तर आधीच्या सहा साक्षी वाचकानं ऐकायच्या कशा? तिनं बाहेरच्या बाकावरून पाहिलेलं लिहा. आत गेलेला डॉक्टर दहा मिनिटांत बाहेर आला, कपडेपटवाला तासाभरानं आला आणि तिच्याकडे न बघता निघून गेला. ती चेहऱ्यांवरून साक्ष ओळखू पाहते, हे तिच्या पेशाला शोभतं. साक्ष आटोपली की मात्र ती मागे बसून तपास अधिकाऱ्यापर्यंत सगळं ऐकू शकते. म्हणून तिचा क्रमांक सात, एकवीस नको.

तिची साक्ष दोन दिवसांत विभागा. पहिल्या दिवशी सरतपास, वाक्य कागदावर जातं, ती घरी येऊन रात्रभर जागी. दुसऱ्या दिवशी बचावाचे वकील तिला ते वाक्य ऐकलं तसं म्हणून दाखवायला सांगतात. सरकारी वकील उठतात : साक्षीदार अभिनेत्री आहे, ती हे वाक्य दहा तऱ्हांनी म्हणू शकते! हरकत अगदी रास्त आहे, आणि वाचकालाही ती पटली पाहिजे. इथे कायद्यातल्या दोन तरतुदी कामी येतात. न्यायाधीश ठरवतील तर एखादा प्रश्न आणि त्याचं उत्तर निवेदनात न मिसळता जसंच्या तसं नोंदवता येतं. आणि साक्ष देतानाच्या साक्षीदाराच्या वर्तनाबद्दल महत्त्वाचं वाटल्यास न्यायाधीश शेरा लिहू शकतात. तो शेरा काय असेल ते दोन ओळींत लिहा, आणि त्याचा अर्थ नायिकेला लगेच कळू देऊ नका.

तिच्या अभिनयानं आरोपी सुटला, असं मात्र करू नका. तिच्या वाक्यानं शंका निर्माण होते, कोटाच्या वेळेनं सुटका होते. निकाल पंचनाम्यातल्या अकरा मिनिटांवर लागला पाहिजे.

पुणं कुठे आणि किती

रस्ते खरे घ्या, नाट्यगृह काल्पनिक ठेवा. खऱ्या रंगमंदिराच्या खोलीत खून आणि व्यवस्थापकावर संशय, ही नसती डोकेदुखी आहे. शहराचे काही तपशील पुराव्याचं काम करतात, ते वापरा. खडकवासल्यातून जास्त पाणी सोडलं की भिडे पूल पाण्याखाली जातो. ऑगस्टच्या रात्री ‘मी भिडे पुलावरून डेक्कनला गेलो’ म्हणणारा माणूस त्या दिवशीच्या विसर्गाच्या बातमीनंच खोटा ठरतो. मेट्रोचं जिल्हा न्यायालय स्थानक ऑगस्ट २०२३ मध्ये सुरू झालं आणि तिथून भुयारी मार्गानं स्वारगेट सप्टेंबर २०२४ अखेर. त्याआधीच्या प्रसंगात पात्राला मेट्रोनं पाठवू नका. मिसळ, पाट्या आणि दुपारची झोप हे तिन्ही गाळा, पुस्तक चार पानांनी कमी होईल, बिघडणार काही नाही.

कच्चा खर्डा झाल्यावर

बारा धागेदोरे असतील तर प्रत्येकाचं एक कार्ड करा आणि तीन प्रकरण-क्रमांक लिहा : कुठे दिसला, कुठे चुकीच्या अर्थानं वापरला, कुठे उलगडला. मधला क्रमांक रिकामा राहिला की तो धागा वाचकाला आधीच कळणार.

मग खर्डा तिघांकडे द्या. सत्र न्यायालयात काम केलेल्या वकिलाला फक्त कोर्टाची सोळा प्रकरणं, बॅकस्टेज करणाऱ्याला फक्त खुनाची रात्र. दोघांनाही आवडलं का हे विचारू नका, कुठे अडखळलात ते विचारा. तिसरा असा हवा ज्याला गोष्ट अजिबात ठाऊक नाही. त्याला फक्त कोऱ्या कागदावर ते वाक्य लिहून द्या, मोठ्यानं वाचायला सांगा, आणि लगेच दुसऱ्या कोणाकडूनही वाचून घ्या. ‘सोडू नकोस त्याला’ दोघांनीही एकाच सुरात वाचलं, तर वाक्य बदला. मग जबाब, साक्ष आणि निकालपत्र, तिन्ही ठिकाणी ते पुन्हा लिहावं लागेल.